झोपेचं सस्पेन्स खातं

मला रात्री झोप येत नाही, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बँकेतल्या माणसाची झोप दिवसाच होते, असा लोकांचा समज आहेच; त्यात भर कशाला? पण चौथ्या रात्री दोन वाजता सौभाग्यवतींनी मला फ्रीज उघडताना पकडलं आणि दुसऱ्याच दिवशी आमचे मेहुणे बाटली घेऊन हजर झाले. (बाटली म्हटल्यावर तुमचे डोळे चमकले असतील, पण आत साठ कॅप्सूल होत्या.) दररोज दोन, कोर्स तीस दिवसांचा. अश्वगंधा, आवळा, हळद, द्राक्षाच्या बियांचा अर्क. सगळा झाडपाला.

"दाजी, यात अँटिऑक्सिडंट असतात," असं म्हणून त्यांनी सफरचंद कापलं. एका फोडीवर लिंबू पिळलं, दुसरी तशीच ठेवली. थोड्या वेळाने दुसरी तपकिरी पडली. "तुमच्या मेंदूची ही फोड झालीय!" माझ्या मेंदूबद्दल आमच्या घरात एकमत झालं ते त्या दिवशी.

मी पडलो बी. कॉम. आधी किंमत वाचतो, मग लेबल. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'औषधी उपयोगासाठी नाही.' मग कशासाठी? मेहुणे म्हणाले, झाडाचं आहे, अपाय तर नाही ना! हे काही खरं नव्हे. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० सिगारेट ओढणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन ज्यांना दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्तच निघाला. हे १९९४ साली छापून आलंय. अश्वगंधेने झोपेत थोडा फरक पडतो, असं मात्र काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. तिच्या लॅटिन नावात 'झोप आणणारी' असा अर्थ आहे, संस्कृत नावात घोड्याचा वास. घोडा उभ्याउभ्या डुलक्या घेतो. ते मला काउंटरवर जमतंच.

झोप का उडाली, हे मात्र मेहुण्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मार्चअखेर एक निवृत्त गुरुजी एफडी करायला आले होते. वरून टार्गेटचा तगादा होता. मी त्यांच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारली. दहा वर्षं हप्ते भरायची. "एफडीसारखंच आहे, गुरुजी." मी पेन्सिलीने फुल्या मारल्या, त्यांनी तिथे तिथे सह्या केल्या. वर मलाच धन्यवाद दिले.

आणि सहाव्या रात्री मी ढाराढूर झोपलो! कॅप्सूलने, की तिच्याबरोबरच्या जायफळाच्या दुधाने, देव जाणे. पण सकाळी वाटलं, हे बरं झालं का? जागरण हा आजार असेल तर ठीक. पण ते गुरुजींच्या वतीने आलेलं स्मरणपत्र असेल तर? बँकेत एखाद्या रकमेचा ठावठिकाणा लागला नाही की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. ताळा जुळतो, सगळे घरी जातात. रक्कम तिथेच असते.

उलट असंही वाटे, की मी कूस बदलत राहिल्याने गुरुजींना एक पैसा परत मिळणार नव्हता. जागा राहिलो म्हणजे प्रायश्चित्त घेतलं, असं समजून मी फुकटात सुटत होतो. झोप नीट झाली की माणूस दोन्ही बाजूंनी सुरेख वाद घालतो. त्यात तीन आठवडे गेले.

पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. गुरुजींकडे ती पोचली आणि माझी बाटली उघडली, एकाच दिवशी. बाटलीत आठ कॅप्सूल उरल्या तेव्हा मी फोन केला.

गुरुजी आले. "सही कुठं करू?"

"आधी वाचा," मी म्हणालो. त्यांनी पाऊण तास वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मार्चमध्येच असे पाहते तर! बोलले काहीच नाहीत. सही केली.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांना आकडा कळला. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे तांबारलेले. रात्रभर झोप नाही म्हणाले. मी खणातून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"आठ आहेत, साहेब. दररोज दोन."