जे धरायचे ते घट्ट धरावे

फ्रिजच्या दारावर दुधाचा हिशेब, विजेचे बिल, शाळेचे वेळापत्रक आणि औषधाची चिठ्ठी एकमेकांवर चढत जातात, आणि दार जरा जोरात लागले की शोभेच्या पातळ चुंबकाखालून नेमका कामाचा कागद निसटतो. या चुंबकात फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या चुंबकीय पदार्थाची, पूड रबरात मिसळलेली असते. त्याची ओढ मुळात कमी, आणि मध्ये आलेल्या प्रत्येक कागदागणिक ती आणखी घटते. 1980च्या दशकात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून घडवलेले चुंबक आले, आणि आकाराने लहान असूनही ते कितीतरी बलवान ठरले. असा चुंबक चिमट्याच्या पाठीला बसवला की कागद चिमटा पकडतो आणि चुंबक थेट दाराला भिडतो.

जे धरायचे ते घट्ट धरावे. मात्र बलवान चिमटा भरून टाकलेले बिलही तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो, आणि त्याच्याआड आजीच्या गोळ्यांची बदललेली मात्रा झाकली जाते. म्हणून आधी निवड करावी लागते, आणि ती कोणताही चुंबक करत नाही. माणसाच्या शब्दाचेही असेच आहे. सगळ्यांना हो म्हणणाऱ्याच्या हातून बहुधा त्याच माणसाचे काम निसटते, जो पुन्हा विचारायला संकोचतो, आणि हे फार वाईट आहे. जे धरायचे ते घट्ट धरावे; जे झेपणार नाही ते आजच सांगावे, म्हणजे समोरच्याला दुसरी सोय पाहायला वेळ मिळतो.