सांगितलं होतं

20 जुलै 2023 च्या सकाळी साडेदहाच्या सुमारास माझा फोन मोठ्याने कोकलायला लागला. आमचं घर पेणजवळ, रामवाडीत. त्या दिवशी घरूनच काम करत होतो. पडद्यावर आणीबाणीचा इशारा दिसला, आधी इंग्रजीत आणि थोड्या वेळाने मराठीत. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. मागच्या खोल्यांत ओडिशाची चार मुलं भाड्याने राहतात, ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यातला एक घाबरून फोन घेऊन दारात आला. मी हसून म्हटलं, "कुछ नहीं, टेस्टिंग है."

पण त्या सकाळी हसण्यासारखं काही नव्हतं. आदल्याच रात्री आमच्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. ठाकरांची वस्ती. वर जायला धड रस्ताही नव्हता, बचावपथकं चिखलातून चालत गेली. शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. टीव्हीवर एकीकडे तो डोंगर आणि हातात इशाऱ्याची चाचणी करणारा फोन, हे दृश्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

इशारा एक दिवस आधी आला असता तर वाडी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. म्हणजे तिथे सांगण्यासारखं कोणाला ठाऊकच नव्हतं. न कळणं ही एक गोष्ट झाली. कळलेलं असूनही ते समोरच्यापर्यंत न पोचणं ही दुसरी. पहिलीसाठी भूगर्भशास्त्र लागतं. दुसरीत मी स्वतः पकडला गेलो, म्हणून हे लिहितोय.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळपासून कोसळत होतं, त्यात भरतीची वेळ. फोनवर संदेश आला : नदीपात्रात विसर्ग वाढण्याची शक्यता, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे. आमच्या आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. तत्परतेने पुढे ढकलला. आठ-दहा अंगठे आले आणि मी कामाला लागलो.

रात्री मागच्या खोल्यांत गुडघाभर पाणी शिरलं. जीवितहानी नाही. तांदळाचं पोतं गेलं, कागदपत्रं भिजली. त्यातल्या एकाला क्षयाचं औषध चालू होतं, त्याच्या गोळ्यांचा लगदा झाला. मी आईला म्हटलं, "मी दुपारीच पाठवलं होतं ग्रुपवर."

आई म्हणाली, "पाठवलंस रे. सांगितलंस का?"

ती मुलं ग्रुपमध्ये नव्हतीच. भाडेकरूंना घ्यायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि असती तरी काय? "विसर्ग म्हणजे दोन टिंबांचा ना?" असं आईनेच मला विचारलं. तिचा जन्म पेणचा, शाळा मराठीतली. तिला जे कळलं नाही ते ओडिया मुलाला कळायला हवं होतं, असं मी गृहीत धरलं होतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे भाषा हा एक रकाना असतो. आणीबाणीचे इशारे एका यंत्रणेतून दुसरीत जावेत म्हणून जगभर वापरला जाणारा एक मसुदा आहे, कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल. एकाच इशाऱ्यात हव्या तितक्या भाषांचे भाग जोडायची सोय त्यात आहे. पण भाषेचा रकाना रिकामा सोडला, तर मजकूर अमेरिकी इंग्रजीत आहे असं समजावं, असाही त्यात नियम आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही. काहीतरी गृहीत धरावंच लागतं. फक्त आपण जे गृहीत धरतो ते बहुतेक वेळा आपल्यासारखंच असतं.

कायद्यातही हेच दिसतं. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 108 व्या कलमात म्हटलं होतं, की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात. त्या काळाच्या मानाने चांगलाच विचार. पण 'बहुसंख्य' या शब्दाशी मी अडखळतो. रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे. अशा ठिकाणी वायू गळला, तर तो बहुमत मोजत बसत नाही. निवडणुकीत बहुसंख्यांची भाषा चालेल, धोक्याच्या पाटीवर चालणार नाही. तिथे ज्याला वाचता येत नाही तोच एक मरतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही माझ्या मनातलेच आहेत. पहिला : महाराष्ट्रात आलात तर मराठी शिका. मला हे मान्य आहे. माझ्या भाषेत माझ्या गावात व्यवहार व्हावा, ही अपेक्षा गैर नाही. पण पूर ही मराठीची परीक्षा नव्हे. नापास झाल्याची शिक्षा बुडणं असू शकत नाही. शिवाय इथल्या कातकऱ्यांचं काय? ते कुठून आलेले नाहीत, उलट वीटभट्टीवर कामासाठी इथून बाहेर जातात. घरी ते कातकरी बोलतात, आणि 'सतर्क राहावे' हे मराठी त्यांनाही परक्या गावचंच.

दुसरा आक्षेप : किती भाषा करणार? ओडिया केली की बंगाली, मग भोजपुरी, संथाळी. खरं आहे. सगळ्या भाषा करण्याचं कर्तव्य कोणावरच टाकता येणार नाही. पण आपल्या खालच्या अंगाला कोण राहतं, हे माहीत करून घेण्याचं कर्तव्य टाकता येतं. आणि ते ज्याला माहिती मिळाली त्याच्यावरच पडतं. ज्याला इशाऱ्याचा पत्ताच नाही, तो विचारायला कसा येईल? विचारण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नसतं. सांगणारा आणि ऐकणारा इथे बरोबरीचे नाहीत, म्हणून 'त्याने विचारायला हवं होतं' हा बचाव टिकत नाही.

आपल्याकडे रजिस्टर पत्राला पोच मागत असत. पैसे दिले की पोचपावती मागतात. माझ्या धंद्यातही एका यंत्राने दुसऱ्याला काही पाठवलं की पोच येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. यंत्राला आपण जे शिकवलं ते माणसांशी वागताना मात्र सोडून देतो. अंगठे आले, म्हणजे पोचलं. कोणाचे आले नाहीत, ते मी मोजलं नाही.

त्या गोळ्यांचं पुढे असं झालं. मुलाने कोणाला काही विचारलं नाही. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात हे त्याला माहीत होतं, पण भिजल्या म्हणून पुन्हा देतील का, रागावतील का, हे कळेना. आईच्या लक्षात आलं तेव्हा नऊ दिवस झाले होते. क्षयाचं औषध मध्येच सोडलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. हे त्याला नीट कोणी सांगितलं असेलही, आपण सांगितल्याची नोंदही असेल. आई त्याला घेऊन गेली आणि गोळ्या मिळाल्या. परत आल्यावर तिने त्याला किती गोळ्या, कधी घ्यायच्या, ते बोटांवर मोजून दाखवलं. मग म्हणाली, "आता तू सांग."

त्याने तोडक्या हिंदीत सांगितलं. एक चुकलं. तिने परत सांगितलं.

आता पाऊस वाढला की मी ग्रुपवर टाकतोच, पण नंतर छत्री घेऊन मागे जातो. माझी ओडिया शून्य आहे. गुडघ्याला हात लावून दाखवतो, सामान वर ठेवायची खूण करतो, आणि त्यांच्यातला एक जण ते मला परत करून दाखवेपर्यंत तिथेच उभा राहतो.