लेकराला खरं सांगावं का?

घरात आईला कॅन्सर निघाला की मोठी माणसं कुजबुजू लागतात. लेकराला सांगतात, "आई गावाला गेलीय." आई असते परळच्या टाटा रुग्णालयात. हेतू मायेचाच असतो. पण ही माया म्हणायची की फसवणूक?

चार-पाच वर्षांच्या मुलाला रोग कळत नाही, पण घरातले बदललेले चेहरे कळतात. कुणी सांगितलं नाही, की ते आपल्या मनानं कारण शोधतं : मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. हे ओझं सत्यापेक्षा जड. बँकेत आम्ही बघायचो, नोंद दडवली म्हणून रक्कम नाहीशी होत नाही. ताळा तेवढा जुळत नाही.

म्हणून झेपेल तेवढंच, पण खरं सांगावं. आजाराचं नाव घ्यावं. तो तुझ्यामुळे झाला नाही, जवळ बसल्यानं लागत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर काम करतं, त्यात केसांची मुळंही सापडतात. म्हणून केस जातात आणि उपचार संपल्यावर बहुधा परत येतात. शाळेतून आणायला कोण येणार, हेही सांगावं. "आई बरी होईलच ना?" असं विचारलं, तर खोटं वचन देऊ नये. "डॉक्टर खूप प्रयत्न करतायत, आणि तुला आम्ही आहोत," एवढं म्हणावं.

अवधूतांच्या चोवीस गुरूंत एक बालकही आहे. गुरूशी खोटं कसं बोलावं? भक्तहो, नामस्मरण करावंच. पण नातवाला मांडीवर घेऊन खरंही बोलावं.