मित्रशोक, लोककार्य आणि छंद

मनुष्याच्या वाट्याला येणाऱ्या दुःखांपैकी काहींना समाजाने जागा नेमून दिली आहे. आई, बाप, पत्नी किंवा बंधू गेला असता सुतक असते, दहावा-तेरावा असतो, दारी येऊन बसणारी माणसे असतात. शोक किती दिवस करावा आणि केव्हा डोळे पुसून कामास लागावे, हे रूढीच सांगते. मित्र गेला असता यातले काहीच नसते. दुसऱ्या दिवशी आपण कामावर हजर असावे अशीच सर्वांची अपेक्षा असते, आणि आपण हजर असतोही. त्यामुळे मित्रशोकाला आपल्या आयुष्यात कोठे जागा द्यावी, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. ज्याने लोकसंघटनेचे काम अंगावर घेतले आहे आणि ज्याला एखादा छंदही आहे, त्याच्यापुढे तर तो विशेष बिकट होऊन उभा राहतो. कारण कामात शिरावे तर आपण मित्राला विसरू पाहतो असे वाटते, आणि छंदाकडे वळावे तर त्याचा द्रोह करतो असे वाटते.

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमचे एक स्नेही निवर्तले. गडचिरोली जिल्ह्यातील जंगलालगतच्या काही गावांत त्यांनी आणि आम्ही अनेक वर्षे बरोबर काम केले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क सांगण्याची वाट मोकळी केली. परंतु ती वाट कागदांतून जाते. ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समिती, हद्दीचा नकाशा, जुन्या निस्तार-नोंदी, वृद्धांचे जबाब, अशी ती सामग्री असते. त्यांपैकी वृद्धांचे जबाब लिहून घेण्याचे काम आमच्या स्नेह्यांचे. कोणत्या नाल्याशी कोणाचा आजा मोहफुले वेचीत असे, कोणत्या टेकडीवर कोणता देव आहे, हे ते तासन् तास ऐकत आणि जसेच्या तसे वहीत उतरवीत. उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम आला की सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजणे, हिशेब फळ्यावर मांडणे व तो सर्वांस समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगणे, हेही त्यांच्याकडेच असे.

ते गेल्यावर जो तो आम्हांस एकच उपदेश करू लागला: कामात मन घाला, म्हणजे दुःख हलके होईल. आम्ही तो अक्षरशः पाळला. त्यांचे काम व आमचे काम अशी दोन्ही ओझी उचलली. सभा वाढविल्या, मुक्काम वाढविले. चार महिने असे गेल्यावर एका गावी, सभा आटोपून माणसे उठत असता, एक वृद्ध बाई जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही आता आमच्यासाठी येता, का त्यांच्यासाठी येता?" तिच्या बोलण्यात दोष देण्याचा भाव नव्हता, परंतु आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या सभेत आम्ही दोनदा लोकांवर चिडलो होतो, आणि ज्या ठरावाची गावाला घाई नव्हती तो घाईने पुढे रेटला होता. गावाचे काम आम्ही गावासाठी करीत नव्हतो. आमच्या दुखण्यावरचे औषध म्हणून करीत होतो. दुसऱ्यांच्या पोटापाण्याच्या प्रश्नांना आपल्या दुःखाचे औषध करणे हा एक प्रकारचा स्वार्थच होय, आणि सेवेचा वेष घेतलेला असल्यामुळे तो सहसा ओळखू येत नाही.

तेव्हा संघटनेत गेलेल्या मित्राची जागा कोणती, याचा विचार करणे भाग पडले. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे. तेथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावाला २००९ साली मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. या सर्व खटपटीत गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे जोडीने घेतली जातात. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. परंतु त्यांच्या पद्धतीचे मर्म असे होते की, बाहेरून आलेल्या मित्राने माहिती द्यावी, अभ्यासात भाग घ्यावा, प्रश्न विचारावे. निर्णय मात्र गावानेच करावा. ज्या कामात मित्राने स्वतःस पहिल्यापासून अनावश्यक करीत आणले, त्या कामाची इमारत तो गेल्याने ढासळण्याचे कारण नाही. यावरून आम्हांस असे वाटते की, संघटनेत गेलेल्याची जागा भरता आली पाहिजे, आणि ती भरणे हीच त्याच्याशी निष्ठा होय. आम्ही मात्र ती जागा दुसऱ्या कोणास न देता स्वतःच अडवून बसलो होतो. जबाबांची वही चार महिने आमच्या पिशवीत होती. ती आम्ही गावातल्या एका शाळा शिकलेल्या मुलीच्या हाती दिली. तिचे अक्षर वेगळे आहे, आणि पुष्कळदा ती आमच्या स्नेह्यांनी कधी विचारले नसते असे प्रश्न बायकांना विचारते.

परंतु येथे एक निराळीच भीती उत्पन्न होते. जागा भरली, वही दुसऱ्याकडे गेली, शोकसभेत 'निःस्वार्थ कार्यकर्ता' असा गौरव झाला. मग आमचा मित्र उरला कोठे? लोककार्य माणसाचा उपयोग स्मरणात ठेवते, माणूस ठेवीत नाही. येथे आम्हांस छंदाचे मोल प्रथम कळले.

आम्हां दोघांना झाडीपट्टीतल्या नाटकांचे वेड होते. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपू लागली की या मुलखात मंडई भरतात, पाहुणे येतात आणि रात्री नाटक उभे राहते. देसाईगंज, ज्याला सर्व लोक वडसा म्हणतात, ही या नाटकमंडळ्यांची पेठ. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. प्रेक्षक कांबळी पांघरून बसलेले असतात. असे किती खेळ आम्ही एकत्र पाहिले याची गणती नाही. आमचे स्नेही पेटी वाजवीत, आणि ती ते वाईट वाजवीत. तरी प्रत्येक गायक नट कोणत्या सुरात चुकला हे परतीच्या वाटेवर ठासून सांगत. त्यांची अरेरावी, त्यांचे हसणे, खलनायकाविषयीची त्यांची गुप्त सहानुभूती, हे सारे आम्हांस त्या वाटेवर भेटले, कोणत्याही सभेत नव्हे.

काही सुज्ञ म्हणतील, नाटक हीही लोकसेवाच; त्याने रोजगार मिळतो, भाषा टिकते. हे खरे आहे, परंतु आम्हांस हा बचाव नको. छंदाचे मोल त्याच्या निरुपयोगीपणातच आहे. ज्या वेळात आपण एकमेकांच्या काहीच उपयोगी पडत नव्हतो, त्याच वेळात आपण निव्वळ मित्र होतो. म्हणून छंद सोडून देणे हा त्याग दिसला तरी वस्तुतः ती मित्राच्या उरल्यासुरल्या सहवासाची हकालपट्टी होय.

१५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात महादेवभाई देसाई गेले, आणि पुढे बंदिवास संपेपर्यंत गांधीजी नित्य त्यांच्या समाधीपाशी जाऊन फुले वाहत असत. सूतकताई, वाचन व पत्रव्यवहार हेही चालूच होते. तेथे शोकाने कामाला गिळले नाही, वा कामाने शोकाला गिळले नाही. भामरागडकडील माडिया लोकांत मृताच्या स्मरणार्थ मोठा दगड उभा करण्याची चाल आहे. तो एका माणसाला हलत नाही, अनेकांनी हात लावावा लागतो. शोकाला ठरलेली वेळ असावी आणि तो एकट्याने वाहू नये, या दोन गोष्टी आम्ही या दोन उदाहरणांपासून शिकतो. मित्र गेल्यावर रूढी जी जागा देत नाही, ती आपण अशी नेमून घ्यावी.

एरवी काम, छंद व शोक यांचा तोल साधावा असे आपण म्हणतो, तेव्हा तराजूची कल्पना मनात असते: एकाला दिलेले दुसऱ्याकडून काढून घेतले. अनुभव निराळा आहे. यंदाच्या मार्गशीर्षात आम्ही मोठ्या संकोचाने एका नाटकास गेलो. तिसऱ्या अंकात नायिकेचा सूर चढा लागला, आणि काही बोलावे म्हणून आम्ही शेजारी वळलो. शेजारी एक अनोळखी शेतकरी कांबळे घेऊन झोपी गेला होता. शोकसभेत, चार महिन्यांच्या मुक्कामांत, कोठेही न आलेले अश्रू तेव्हा आले. पहाटे परतताना वाट लांब वाटली. परंतु दोन दिवसांनी सभेस गेलो तेव्हा आम्ही कोणावर चिडलो नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला, तरी त्याचे काही वाटले नाही.

कार्यात मित्राची जागा भरावी. छंदात ती रिकामी राहू द्यावी आणि अधूनमधून तिच्याशेजारी जाऊन बसावे. ज्यांचा सोबती नुकताच गेला आहे अशा कार्यकर्त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. ती बाई पुन्हा भेटेल तेव्हा तिला काय उत्तर द्यावयाचे, हे आता आम्हांस ठाऊक आहे; मात्र ती ते पुन्हा विचारील असे वाटत नाही.