राज्य गेल्यावर धर्म कोणाचा?
"साहेब गेला, मग त्याचा धर्म तुम्हांस कशाला?" असे साक्रीच्या बाजारात आपणांस विचारितात. मुंबईलगतच्या साष्टी बेटाकडे पाहा. 1534 मध्ये ते पोर्तुगीजांच्या हाती गेले. मंडपेश्वराच्या लेण्यांत त्यांनी आपले उपासनामंदिर केले; हा अन्यायच, तो आपण झाकू नये. 1737 मध्ये चिमाजी आप्पांनी ते बेट घेतले, 1739 मध्ये वसई. फिरंगी सत्ता बुडाली. आता धाक नव्हता, लोभही नव्हता. तरी तेथील कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती देशी पाद्र्यांच्या हाताखाली भक्तीत टिकले. (त्यांचा पंथ आपल्याहून निराळा, हे खरे.) पूर्वजांवर लादलेले असेल, ते नातवंडांनी स्वखुशीने राखिले, मग ते फिरंग्याचे कसे म्हणावे? वसईस व उत्तनास आजही मराठीत उपासना होते.