पुढचं गाणं कोण निवडतं?

गाणं लावण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार अशी चारही नावं सांगायची, ही विविध भारतीची जुनी शिस्त. गीतकाराच्या नावासाठी साहिर लुधियानवींनी धरलेल्या आग्रहाला तिचं बरंचसं श्रेय दिलं जातं. रोज कानावर पडणाऱ्या या नावांनी एक मोठं काम केलं. ज्यांनी संगीतावरचं एकही पुस्तक उघडलं नव्हतं, अशा माणसांना मदन मोहन आणि रोशन यांच्या चालींतला फरक कळू लागला. बहुतेक खासगी एफएम केंद्रांवर आता गाण्यांची रांग लागते, मध्ये एखादा विनोद आणि जाहिराती येतात. गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, हे सहसा कोणी सांगत नाही. जाणकार निवेदक कुठे गेला, असं आपण मग विचारतो. माझ्या मते तो गेलेला नाही, त्याच्याकडचं काम काढून घेतलं गेलं आहे.

नुसत्या जाणकारीने रेडिओ चालत नाही, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा खरा अभिमानी होता, आणि आकाशवाणीच्या रागदारी कार्यक्रमांना त्यांनी दिलेलं बळ नाकारता येत नाही. पण लोकांना काय आवडतं यापेक्षा काय आवडायला हवं, याची त्यांना अधिक खात्री होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीतं कमी झाली. चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे त्याची जाहिरात करणं, या समजुतीने नाव गाळण्यावरून निर्मात्यांशी वाद पेटला आणि गाणी जवळपास थांबलीच.

श्रोत्याने वाद घातला नाही, त्याने काटा फिरवला. महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबोत उभारलेलं शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र पुढे रेडिओ सिलोनच्या हाती आलं होतं. त्याच केंद्रावरून 1952च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. पहिल्याच कार्यक्रमानंतर हजारोंनी पत्रं आली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली, तेव्हा मंत्री केसकरच होते.

गीतमालेचा खर्च एक टूथपेस्ट उचलत होती, हे विसरून चालणार नाही. कार्यक्रम उघडउघड बाजाराचा होता. गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या खपावरून आणि श्रोता संघांच्या मतांवरून ठरे. तेव्हा जाहिरात आली आणि निवेदन बुडालं, हे निदान सोयीचं असलं तरी अपुरं आहे. सायानींची घडण वेगळी होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं नियतकालिक काढत. मजकूर सोप्या हिंदुस्तानीत, लिपी मात्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला कमी न लेखता त्याच्याशी कसं बोलायचं, याचे धडे अमीन यांना या घरच्या छापील पानांत मिळाले. भावांआधी बहिणींना घातलेली त्यांची साद त्याच संस्कारातली. झुमरी तलैयासारखं अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर माहीत झालं ते फर्माइशींमुळे. पत्र लिहिणाऱ्याला नाव होतं, गाव होतं. निवेदक कोणाशी बोलतो आहे, हे निवेदकाला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट निवडीच्या अधिकाराची. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट सैगलच्या गाण्याने होई. विविध भारतीच्या ‘छायागीत’मध्ये विषय निवेदकाचा, शब्द निवेदकाचे आणि गाणीही त्यानेच निवडलेली. एका गाण्यानंतर दुसरं का, याचं उत्तर त्या माणसाकडे असे. उत्तर द्यावं लागतं म्हणून वाचावं लागतं, ऐकावं लागतं. जाणकारी ही जबाबदारीची सावली आहे. जबाबदारी हलवली की सावलीही सरकते.

2001 साली बंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं. परवान्यांसाठी लिलावात मोठ्या रकमा मोजलेल्या, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावण्यापलीकडे बातम्या देण्याची मुभा नाही, उत्पन्न जाहिरातींचं. अशा गणितात प्रयोग महाग पडतो. गाण्याचा तुकडा काही लोकांना ऐकवून त्यांचा कौल घ्यायचा, निवडक गाण्यांची यादी संगणकात भरायची, आणि पुढचं गाणं त्यातून येऊ द्यायचं, ही रीत रूढ झाली. आरजेच्या वाट्याला दोन गाण्यांमधली छोटीशी ‘लिंक’ उरली. त्यात हुशारी लागते, हजरजबाबीपणा लागतो. गीतकार शैलेंद्र वाचलेला असण्याची गरज नसते. अनेक आरजे मनातून दर्दी असतात, पण तो दर्दीपणा कार्यक्रमात आणायला त्यांना जागा नाही. केसकरांनी श्रोत्याला वगळून जाणकारी ठेवली होती. इथे जाणकारीला वगळून श्रोता ठेवला, आणि तोही सरासरीचा, बिनचेहऱ्याचा.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाइलमध्ये लाखो गाणी आहेत, निवेदक हवा कशाला? मुद्दा रास्त आहे. हवं ते गाणं क्षणात मिळणं ही सामान्य माणसाला लाभलेली मोठी श्रीमंती आहे, आणि फर्माइशीचं पत्र लिहून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यात काही पुण्य नव्हतं. पण ॲपची शिफारस प्रामुख्याने आपल्या आणि आपल्यासारख्यांच्या मागच्या आवडीवर चालते. छायागीत ऐकणाऱ्या शेतकऱ्याला, परिचारिकेला, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला असं गाणं भेटे, जे त्यांनी कधी मागितलं नव्हतं. आणि ते का ऐकावं, हे दोन वाक्यांत सांगणारं माणूस सोबत असे. शिवाय तेच गाणं त्याच क्षणी हजारो घरांत वाजत असे.

रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्पष्ट केलं. मालमत्ता आपली असेल, तर मागणीही आपणच करायला हवी. प्रत्येक केंद्राने, सरकारी असो वा खासगी, दिवसातला अर्धा तास एका निवेदकाच्या स्वाधीन करावा: गाणी त्याची, शब्द त्याचे, चूकही त्याचीच. चारही नावं सांगण्याची अट तर उद्यापासून घालता येईल. तिला पैसे पडत नाहीत. आणि असा कार्यक्रम कानी पडला, आवडला किंवा खटकला, तर श्रोत्याने केंद्राला तसं कळवावं. अमीन सायानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. त्यांना घडवण्यात त्या पत्रांचाही वाटा होता, आणि पत्र लिहिण्याचं काम आपण कधीच थांबवलं आहे.