ऑफिसात वाघ असतो का?

॥ श्री गुरवे नमः ॥



यावेळचं पत्र लिहायचं काम आम्हा दोघांकडे आलं. विषय कुणी दिला नाही, पण तो आमच्या घरातच तयार होता. काहींनी तो फॅमिली ग्रुपवर वाचलाही असेल. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

रंगपंचमीची गेर झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं सातपुड्याच्या जंगलात दोन रात्री राहून आलो. मढईला, देनवा नदीच्या काठावरच्या एका महागड्या लॉजमध्ये. मुलं बरोबर नव्हती. नेता आली असती असंही नाही, कारण त्या लॉजमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही आणि आमची आहेत सात आणि चार. खरं सांगायचं तर तो नियम वाचूनच आम्ही बुकिंग केलं. निर्णय आमचा, पण नियम लॉजचा, म्हणजे मनाला बोचत नाही.

का गेलो? लग्नाला नऊ वर्षं झाली. गेली काही वर्षं आम्ही एका घरात राहून एकमेकांना फक्त निरोप देत होतो. दूध आलं का, फी भरली का, आईच्या गुडघ्याचं औषध संपलंय. एक वाक्य सुरू केलं की मध्ये कुणाची तरी बाटली सांडायची आणि ते वाक्य तिथेच राहायचं. भांडण नव्हतं. भांडायलाही सलग पाच मिनिटं लागतात.

शुक्रवारी पहाटे साडेचारला निघालो. मुलं झोपलेली होती. आदल्या रात्री त्यांना सांगितलं होतं, आईबाबांना ऑफिसचं काम आहे, बाहेरगावी जायचंय. आणि आईला (सासूबाई कुणाच्या आणि आई कुणाची, ते इथे महत्त्वाचं नाही, दोघंही आईच म्हणतो) आठ दिवस आधी सांगितलं होतं. सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. त्या "जा रे" म्हणाल्या. आई नेहमीच "जा रे" म्हणतात.

नेमावरला उजाडलं. नर्मदेच्या पुलावर गाडी हळू केली, हात जोडले, पाण्यात नाणं टाकलं. पुढे हरदा, इटारसी, सोहागपूर. सोहागपूरहून मढई जवळच. तवा धरणाचं पाणी मागे देनवेत पसरलंय, बोटीनं पलीकडे गेलं की जंगल सुरू. मोहाची फुलं पडायला लागली होती, सगळीकडे तो गोड, जरा आंबूस वास.

पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे बोलायला विषयच नव्हता. समोर नदी, हातात चहा, शांतता मिळालेली, आणि आम्ही काय बोललो? धाकट्यानं दूध प्यालं असेल का! मग दोघंही हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. दुसऱ्या रात्री मात्र दोन वाजेपर्यंत बोललो. बाबा गेल्याला दीड वर्ष झालं. त्या दुःखावर आम्ही एकमेकांजवळ एक शब्द बोललो नव्हतो, कारण मुलांसमोर रडायचं नाही असं ठरलेलं. नोकरी सोडायचा एक विचार वर्षभर एकाच्या मनात होता, तो दुसऱ्याला त्या रात्री कळला.

या दोन रात्रींबद्दल आम्हाला अजिबात पश्चात्ताप नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

वाघीण शनिवारी सकाळी दिसली. चार मिनिटं. जिप्सीच्या पुढून रस्ता ओलांडला, एकदा मान वळवून पाहिलं आणि साजाच्या झाडांत गेली. गाइड हळूच म्हणाला, पिल्लंवाली आहे, पिल्लं कुठेतरी लपवून आली असेल. २०२२ च्या गणनेत आपल्या मध्य प्रदेशात ७८५ वाघ निघाले, देशात सगळ्यात जास्त, हा आकडा त्याला तोंडपाठ. मग त्यानं पेंचच्या 'कॉलरवाली'ची गोष्ट सांगितली. तिनं आठ वेळा मिळून २९ पिल्लं दिली. १५ जानेवारी २०२२ ला ती गेली, तेव्हा गावच्या लोकांनी फुलं वाहून, हात जोडून तिला निरोप दिला. ते फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. गाइड म्हणाला, ती शिकारीला जाताना पिल्लांना एका जागी ठेवायची आणि ती पिल्लं तिथून हलायची नाहीत.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बघा, वाघीणसुद्धा ठेवून जाते! फार बरं वाटलं. पण हे बरं वाटणं खोटं होतं, तेव्हाच कळायला हवं होतं. ती शिकारीला जाते, आम्ही मऊ गादीवर झोपायला गेलो होतो. आणि दोन वर्षांची होता होता वाघीण पिल्लांना हाकलूनही लावते, तेही घ्यायचं का तिच्याकडून? जंगलात पाहावं, हात जोडावे. धर्म विचारायचा तर माणसालाच विचारावा.

आणि माणूस तिथेच होता. आम्हाला जेवण वाढणारा, तिशीतला, जवळच्याच तालुक्यातला. सहज विचारलं, मुलं किती? दोन. कुठे असतात? गावी, आजीजवळ. घरी कधी जातोस? महिन्यातून एकदा, सीझनमध्ये तेही नाही. आम्ही दोन रात्री मुलांशिवाय राहण्याचे जे पैसे मोजले, त्यात आमच्या कामाच्या मावशींचा चार महिन्यांचा पगार निघतो. आणि तो माणूस मुलांशिवाय राहतो ते पगारासाठी. (हा हिशेब आम्ही अजून पूर्ण मांडलेला नाही. मांडायला घेतला की झोप जाते.) त्याला विचारलं, मुलं रडत नाहीत? म्हणाला, "रोता है छोटा. बोल के आता हूँ ना, चार बाज़ार के बाद आऊँगा." गावात आठवड्याचा हाट भरतो. पोरगं हाट मोजतं.

तेव्हा आम्ही फक्त मान डोलावली.

वाघिणीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले, "वा! भाग्यवान!" आलं. मग काकूंचा मेसेज: "फोटो छान. मुलं कुठे दिसत नाहीत ती?" आम्हाला राग आला. काकांनी तरुणपणी नर्मदेची परिक्रमा केली होती, पायी, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची. घरी काकू आणि पोरं मोठ्या काकांच्या भरवशावर. परत आले तेव्हा सगळं घर पाया पडलं. कुणी विचारलं नाही, मुलं कुठे होती. म्हणजे देवासाठी मुलं ठेवून गेलं तर पुण्य आणि एकमेकांसाठी गेलं तर पाप? हा प्रश्न आम्ही येतानाच्या प्रवासात अगदी रंगवून रंगवून घोळवला. नेमावर येईपर्यंत आमचाच विजय झालेला होता.

घरी आलो तेव्हा रविवारची रात्र. मोठी जागी होती. आईंच्या फोनवर तिनं तो फोटो पाहिलेला. रडली नाही, रागावली नाही. शांतपणे विचारलं, "ऑफिसात वाघ असतो का?"

दोन दिवसांनी आईंनी बाकीचं सांगितलं. आमची सुट्टी बिघडू नये म्हणून फोनवर बोलल्या नव्हत्या. शुक्रवारी सकाळी धाकटा उठला आणि घरभर शोधून शेवटी चपलांच्या कपाटाशी जाऊन बसला. त्याचा हिशेब असा की चपला आहेत म्हणजे माणूस घरात आहे. आमचे बूट नव्हते. तरी तो तिथे बसून राहिला, पोहे तिथेच खाल्ले. संध्याकाळी आई त्याला अन्नपूर्णेच्या देवळात घेऊन गेल्या, दारातले हत्ती दाखवायला. दुखऱ्या गुडघ्यानं, एकाचा हात धरून, दुसरीला हाका मारत. शनिवारी पुन्हा तेच.

त्या गुरुवारी आरतीनंतर आम्ही महाराजांच्या पाया पडलो आणि सगळी हकिकत सांगितली. थोडी काकूंची तक्रारही केली, खोटं कशाला बोला. गृहस्थाश्रमात नवरा-बायकोनं एकमेकांसाठी वेळ काढणं चूक आहे का, असं विचारलं. महाराज हसले. त्यावर काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "मुलांना काय सांगून गेलात?"

आमचा सगळा वाद तिथेच बसला. जाणं योग्य होतं तर लपवलं का? आणि अयोग्य वाटत होतं तर गेलो का? मुलांना वाईट वाटू नये म्हणून, हे उत्तर तयार होतं. पण ते खरं नाही. मुलांना वाईट वाटणारच होतं, वाटलंच. फक्त ते वाईट वाटणं आमच्या डोळ्यांसमोर नको होतं. पहाटे साडेचारला निघालो ते ट्रॅफिकसाठी नाही.

तेव्हापासून विठ्ठलपंतांची गोष्ट आम्हाला वेगळीच दिसायला लागली आहे. आपण ती लहानपणापासून ऐकतो. संन्यासाची ओढ लागली, रुक्मिणीबाईंची परवानगी त्यांचं लक्ष नसताना कशीबशी पदरात पाडून घेतली, काशीला जाऊन संसार लपवून दीक्षा घेतली. पुढे त्यांचे गुरू आळंदीला आले, नमस्कार करणाऱ्या बाईला "पुत्रवती भव" म्हणाले आणि सगळं उघड झालं. गुरूंनी शिष्याला परत घरी धाडलं. कथेकरी सांगतात ते असं की परत आले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई जन्मली. ते खरंच. पण आम्हाला आता मधली गोष्ट दिसते. वैराग्य वाईट, असं गुरू म्हणाले नाहीत. काशीसारखं क्षेत्र, संन्यासासारखं व्रत, तरी ते मोडून परत पाठवलं, कारण खाली लपवाछपवी होती. मग काकांची परिक्रमा आणि आमचा लॉज यांतला फरक देव आणि वाघ हा नव्हेच. काका वर्षभर आधीपासून सगळ्यांना सांगत होते, काकूंना विचारून गेले होते. हे आम्हाला काकूंनीच नंतर सांगितलं. "रडले खूप, पण मला माहीत तरी होतं," म्हणाल्या. त्यांच्या त्या मेसेजमागे काय होतं, ते तेव्हा कळलं.

काही गुरुबंधूंचं म्हणणं पडलं की चार वर्षांच्या पोराला काय खरं नि काय खोटं, थोडं खोटं बोलणं ही दयाच. आणि काहीजण आमच्या बाजूनं म्हणाले की आईबाप ताजेतवाने झाले तर मुलांचंच भलं. दोन्ही आम्हाला पटत नाही. आराम केला तोही मुलांच्याच सेवेसाठी, असं का दाखवायचं? आम्ही आमच्यासाठी गेलो होतो. तेवढं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ऑफिस मध्ये आणलं.

मे महिन्यात एका लग्नासाठी दोघांनाच भोपाळला एक रात्र राहायचं होतं. यावेळी आधी आईंना विचारलं. त्या पहिल्यांदा "नको" म्हणाल्या! गुडघा सुजला होता. मग मावशींना रात्री थांबायला विचारलं, त्याचे वेगळे पैसे ठरवले. मुलांना समोर बसवून खरं सांगितलं: लग्नाला जातोय, तुम्ही येणार नाही, आम्हाला दोघांनाच जायचंय, एक झोप झाली की येऊ. धाकट्यानं अर्धा तास आकांत केला. बूट लपवून ठेवले. निघताना खिडकीत उभा राहून रडत होता आणि आम्हाला ते बघत निघावं लागलं. पहाटे गुपचूप जाणं कितीतरी सोपं होतं. परत आलो तेव्हा मोठी म्हणाली, तुम्ही गेल्यावर तो कपाटाशी बसला नाही. थोडा वेळ रडला आणि मग खेळला.

आता पुढच्या शुक्रवारी आई भजनी मंडळाबरोबर तीन दिवस ओंकारेश्वरला चालल्या आहेत. विचारून नाही, सांगून! नातवंडांना मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः तारखा समजावल्या. कॅलेंडरवर तीन गोल धाकट्याकडून काढून घेतले आणि फ्रिजवर आमच्यासाठी एक कागद लावला आहे. त्यावर गॅस, दूध, मोठीचं औषध, सगळं लिहिलंय. शेवटची ओळ अधोरेखित: "उगाच फोन करू नये."